एका टिंबाचे मौन : ओळ कोठे संपते, याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/
आजच्या धाग्याचा विषय डोळ्यांना न दिसणारा आहे. आपण ‘एंटर’ची कळ दाबतो आणि ओळ संपते. परंतु ओळ संपली हे यंत्राला नेमके कशावरून कळते? या साध्या प्रश्नावर यंत्रांचे एकमत कधीच झाले नाही. त्या मतभेदाची मुळे तारायंत्रांच्या काळात आहेत आणि त्याचे फळ डिसेंबर २०२३ मध्ये जगभरच्या मेल सर्व्हरांना चाखावे लागले. आरंभ मात्र घरच्या प्रसंगाने करतो.

२/
एका लहानशा ग्रंथालयाचा मेल सर्व्हर आम्ही दोघे मित्र हौसेने सांभाळतो. सभासदांना पुस्तकपरतीची आठवण देणारी पत्रे एक जुनी स्क्रिप्ट पाठवीत असे. कित्येक वर्षे ती बिनबोभाट चालली. मग सर्व्हरची प्रणाली अद्ययावत केली आणि पत्रे बंद पडली. दोषसंदेशही दिसेना. स्क्रिप्ट पत्राच्या शेवटचे टिंब पाठवी, आणि त्यापुढे सर्व्हर गप्प. काही मिनिटे वाट पाहून तो जोडणीच तोडून टाकी.

३/
गंमत अशी की टेलनेट उघडून तीच वाक्ये हाताने टंकली, तर पत्र सुखरूप जाई. अक्षर न् अक्षर तेच, तरी हाताने चालते आणि स्क्रिप्टने अडते! मित्र म्हणाला, “अरे, नव्या आवृत्तीत कसलीशी कडक अट आली आहे. ती बंद करू, म्हणजे मोकळे.” अट बंद करणे एका ओळीचे काम होते. ते करण्यापूर्वी ती अट आली कोठून हे पाहू, असे ठरले. त्या शोधातून हा धागा जन्मला.

४/
प्रथम टंकलेखन यंत्राकडे जाऊ. तालुक्याच्या गावी टायपिंग इन्स्टिट्यूट असे. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या परीक्षा देऊन आपल्या आधीची पिढी कारकुनीत शिरली. त्यांना विचारून पाहा. ओळ संपत आली की घंटी वाजे. मग डाव्या हाताने दांडी ओढायची. त्या एका ओढीत दोन कामे होत : रूळ फिरून कागद एक ओळ वर सरके आणि कॅरेज पुन्हा ओळीच्या आरंभी येई. हात एक, कामे दोन. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

५/
तारेवरून अक्षरे पाठवणाऱ्या यंत्राजवळ हात नसतो. त्याला प्रत्येक हालचाल संकेताने सांगावी लागते. फ्रान्सच्या एमिल बोदोने १८७४ मध्ये पाच खुणांच्या संकेतप्रणालीचे एकस्व घेतले. पाच खुणांतून ३२ जुळण्या होतात. पुढे १९०१ च्या सुमारास न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरे याने टंकलेखन यंत्रासारखा कळफलक जोडून ती प्रणाली सुधारली. तिच्यात अक्षर नसलेले, केवळ हालचाल सांगणारे संकेत आले : कॅरेज मागे घे आणि कागद वर सरकव.

६/
३२ जागांत इंग्रजी वर्णमालेची २६ अक्षरे बसवायची, म्हणजे उरतात अवघ्या सहा. अंक आणि विरामचिन्हे यांसाठी तर अदलाबदलीची कळ वापरून तेच संकेत दुहेरी राबवावे लागत. अशा टंचाईतही ओळ बदलण्यासाठी दोन स्वतंत्र जागा राखल्या गेल्या. ही उधळपट्टी नव्हती. कॅरेज मागे घेणे आणि कागद सरकवणे या यंत्राच्या दोन वेगळ्या हालचाली होत्या आणि त्या स्वतंत्रपणे उपयोगी पडत. कागद न सरकवता कॅरेज मागे घेतली, की त्याच ओळीवर पुन्हा छापून शब्द ठळक करता येई किंवा त्याखाली रेघ ओढता येई.

७/
या वंशातले सर्वांत प्रसिद्ध यंत्र म्हणजे १९६३ साली आलेले ‘टेलिटाइप मॉडेल ३३’. ते सेकंदाला दहा अक्षरे छापी, ओळीत ७२ अक्षरे मावत. म्हणजे एका अक्षराला दशांश सेकंद. पण उजव्या टोकाला गेलेली कॅरेज डाव्या टोकाला यायला त्याहून अधिक वेळ लागे. मधेच पुढचे अक्षर आले, तर ते कागदाच्या मध्यावर भलत्या ठिकाणी उमटे.

८/
म्हणून क्रम ठरला : आधी कॅरेज मागे, मग कागद वर. पहिल्या आज्ञेने कॅरेज निघे, ती धावत असतानाच दुसऱ्या आज्ञेने कागद सरके, आणि तिसरे अक्षर येईपर्यंत तिला आवश्यक तेवढा अवधी मिळे. एवढ्यानेही भागले नाही, तर मध्ये काहीच न छापणारे शून्य-संकेत घालीत. आज आपण ज्याला ‘सीआर-एलएफ’ म्हणतो, त्या जोडीचा क्रम असा धावत्या लोखंडाच्या गतीवरून आला आहे.

९/
त्याच १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ हे संकेतमान प्रसिद्ध झाले. सात खुणा, १२८ जागा. कॅरेज रिटर्नला १३ वा क्रमांक मिळाला, लाइन फीडला १० वा. आपण संगणकावर जे काही लिहितो त्यात हे दोन आकडे आजही जिवंत आहेत. पुढे प्रश्न उभा राहिला : पडद्यावर किंवा चकतीवर कॅरेज नाही, रूळही नाही. मग दोन चिन्हे हवीत कशाला?

१०/
येथे आपल्या पोथ्यांचे स्मरण होते. जुन्या पोथीत लेखक पानाच्या कडेपर्यंत सलग लिहीत जाई. ओळ कोठे मोडली याला अर्थ नसे. श्लोक संपल्याची खूण म्हणजे दंड. कागदाची कड ही जागेची गोष्ट आणि दंड ही अर्थाची गोष्ट. संगणकांच्या जगात नेमका हाच विवेक करायचा होता : ‘ओळ संपली’ हा अर्थ साठवायचा, की ‘कॅरेज हलव, कागद सरकव’ ही हालचाल साठवायची?

११/
१९६० च्या दशकाच्या मध्यावर एमआयटी, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी ‘मल्टिक्स’ प्रणालीचे काम हाती घेतले. तिच्या कर्त्यांनी अर्थ निवडला. साठवताना ओळीच्या शेवटी एकच चिन्ह, लाइन फीड. छपाईयंत्राला दोन हालचाली हव्या असतील, तर त्या यंत्राशी बोलणारा प्रणालीचा भाग आयत्या वेळी त्या पुरवील. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ घडवली, तिने हाच वारसा घेतला. आजचे लिनक्स त्याच परंपरेतले.

१२/
दुसऱ्या घराण्याने हालचालच जपली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या अनेक प्रणाली दोन्ही चिन्हे लिहीत. गॅरी किल्डॉलच्या ‘सीपी/एम’ने १९७० च्या दशकात तीच रीत उचलली, तिच्याकडून १९८१ साली ‘एमएस-डॉस’ने आणि पुढे विंडोजने. अ‍ॅपलने तिसरीच वाट धरली : १९८४ च्या मॅकिंटॉशवर नुसते कॅरेज रिटर्न. २००१ मध्ये मॅक ओएस एक्स युनिक्सच्या पायावर आली, तेव्हा अ‍ॅपलही लाइन फीडकडे वळले. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांचे तर संकेतमानच निराळे होते.

१३/
ही यंत्रे एकेकटी होती तोवर कोणाचे काही अडले नाही. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी आर्पानेटवरचा पहिला संदेश लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे गेला आणि परस्परांची रीत न जाणणारी यंत्रे एका तारेवर आली. प्रत्येक यंत्राने इतर प्रत्येकाची रीत शिकायची म्हटले, तर दहा प्रकारच्या यंत्रांसाठी नव्वद रूपांतरे लिहावी लागतील. यातून वाट काढणे भाग होते.

१४/
ती वाट म्हणजे ‘टेलनेट’. त्यातील मूळ कल्पना फार सुंदर आहे : कोठेही अस्तित्वात नसलेले एक काल्पनिक टर्मिनल मानायचे. प्रत्येक यंत्राने आपली बोली त्या टर्मिनलच्या बोलीत बदलायची आणि समोरून आलेली बोली आपल्या रीतीत आणायची. मग नव्वदाऐवजी वीस रूपांतरे पुरतात. या काल्पनिक यंत्राचे रूप मात्र टेलिटाइपसारखेच ठेवले. त्यामुळे त्याची ओळ सीआर-एलएफ या जोडीनेच संपते. जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी मे १९८३ मध्ये आरएफसी ८५४ या दस्तऐवजात हे नियम पक्के मांडले.

१५/
त्यात एक बारकावा आहे. ओळ न बदलता नुसती कॅरेज मागे न्यायची असेल, तर सीआरनंतर शून्य-संकेत पाठवावा, असा नियम आहे. म्हणजे एकटे सीआर तारेवर कधीच यायचे नाही. त्यामागे एलएफ तरी असेल, नाहीतर शून्य तरी. पुढचे चिन्ह पाहून अर्थ निःसंदिग्ध ठरावा, ही त्यामागची काळजी. हा निःसंदिग्धपणाच पुढे कळीचा ठरणार होता.

१६/
रे टॉमलिन्सनने १९७१ मध्ये एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर टपाल धाडले होते. काही वर्षे आर्पानेटवरचे टपाल फाइली पाठवण्याच्या नियमांच्या आधाराने फिरत राहिले. ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेलने आरएफसी ८२१ लिहून टपालासाठी स्वतंत्र नियमावली दिली : एसएमटीपी. तिने ओळीच्या शेवटासाठी टेलनेटचीच रीत घेतली. त्यामुळे टेलनेट हे टपालसेवा तपासण्याचे सोयीचे साधन बनले. पंचवीस क्रमांकाच्या द्वारावर जावे आणि माणसाने यंत्राशी सरळ बोलावे.

१७/
तो संवाद वाचण्याजोगा असतो. सर्व्हर २२० म्हणून स्वागत करतो. आपण आपले नाव सांगतो; तो २५० म्हणजे ‘ठीक’ म्हणतो. पाठवणारा कोण, घेणारा कोण हे सांगून झाले, की आपण ‘डेटा’ म्हणतो आणि तो ३५४ म्हणून मजकुराची वाट पाहतो. आता प्रश्न असा की मजकूर संपला हे त्याला कसे कळावे? उत्तर : ज्या ओळीवर एका टिंबाखेरीज काहीही नाही, ती ओळ आली की पत्र संपले. काटेकोरपणे सांगायचे तर सीआर-एलएफ, टिंब, सीआर-एलएफ अशी पाच चिन्हे.

१८/
पत्रातच कोणी एकट्या टिंबाची ओळ लिहिली तर? त्याचीही सोय आहे. टिंबाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीला पाठवणारा आणखी एक टिंब जोडतो आणि घेणारा ते काढून टाकतो. व्यवस्था चोख आहे. पण ती एका गृहीतावर उभी आहे : ‘ओळ’ म्हणजे काय, याबद्दल पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे मत एकच असले पाहिजे.

१९/
नेमके तेथेच ढिलाई शिरली. पोस्टेलने १९८० च्या सुमारास नव्या जाळ्यासाठी एक तत्त्व सांगितले होते. त्याचा आशय असा : स्वतः पाठवताना काटेकोर असावे, दुसऱ्याचे स्वीकारताना उदार असावे. याच उदारतेमुळे शेकडो प्रकारची यंत्रे एकमेकांशी बोलू शकली, हे खरे आहे. युनिक्सवरचे काही कार्यक्रम आपल्या सवयीने नुसते एलएफ पाठवीत; अनेक सर्व्हरांनी तेही ओळ म्हणून मानून घेतले. टपाल अडू नये, एवढाच हेतू होता.

२०/
या औदार्यावर आक्षेप लवकरच आले. डॅनियल बर्नस्टाइनच्या ‘क्यूमेल’ने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकटे एलएफ असलेले टपाल सरळ नाकारले, पुष्कळांना तो हट्ट वाटला. परंतु एप्रिल २००१ मध्ये जॉन क्लेन्सिनने संपादिलेल्या आरएफसी २८२१ ने आणि ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३२१ ने हेच बजावले : एलएफ, टिंब, एलएफ या क्रमाला पत्राचा शेवट मानू नये, भलेपणाच्या नावाखालीसुद्धा नाही. नियम कागदावर होता. पाळणारे थोडे होते. काही बिघडत नव्हते ना!

२१/
डिसेंबर २०२३ मध्ये बिघडले. एसईसी कन्सल्ट या संस्थेचे संशोधक टिमो लॉंगिन यांनी ‘एसएमटीपी स्मगलिंग’ नावाची युक्ती उघड केली. समजा, पाठवणारा सर्व्हर कडक आहे. एलएफ-टिंब अशा अर्धवट शेवटाला तो साधा मजकूर समजतो आणि जसाच्या तसा पुढे धाडतो. घेणारा सर्व्हर उदार आहे. त्याला तोच पत्राचा शेवट वाटतो. मग त्यापुढचा मजकूर तो काय समजेल? नव्या आज्ञा! एका पत्राच्या पोटात दडवलेले दुसरे पत्र तेथे बाहेर पडते.

२२/
त्या दुसऱ्या पत्रावर पाठवणाऱ्याचे नाव हल्लेखोर ठरवील ते. आणि ते येते मात्र एका विश्वासू सर्व्हरच्या जोडणीवरून. ‘हे नाव या पत्त्यावरून येऊ शकते का?’ अशी पडताळणी घेणारा करतो. त्या सर्व्हरला वापरणाऱ्या दुसऱ्या कोणाचे नाव घातले असेल, तर उत्तर ‘होय’ असेच मिळते. बनावट पत्र खऱ्या मोहोरेसह दारात उभे! पोस्टफिक्स, सेंडमेल, एक्झिम हे तिन्ही नावाजलेले कार्यक्रम या फसवणुकीला बळी पडू शकत होते. कोणाही एकाची चूक पुरेशी नव्हती. दोघांच्या ‘ओळ’ या कल्पनेतील अंतर हेच चोराचे भगदाड होते.

२३/
यानंतर दुरुस्त्या आल्या. पोस्टफिक्सने एकट्या एलएफला मज्जाव करणाऱ्या, किंवा एरवी ते चालवून घेऊन पत्राचा शेवट मात्र पूर्ण पाच चिन्हांनीच मागणाऱ्या अटी दिल्या. आता आमच्या ग्रंथालयाकडे परत या. आमच्या स्क्रिप्टच्या आज्ञांना सर्व्हर उत्तरे का देत होता आणि टिंबापाशीच का थबकत होता, याचा उलगडा झाला ना? आम्ही पत्र संपवले, असे आम्हाला वाटत होते. सर्व्हरच्या लेखी पत्र अजून चालूच होते. तो उर्वरित मजकुराची वाट पाहत होता.

२४/
आणि हाताने टंकल्यावर का चालत होते? कारण ‘एंटर’ दाबताच टेलनेटचा कार्यक्रम त्या काल्पनिक टर्मिनलचा धर्म पाळून सीआर-एलएफ अशी जोडी धाडत होता. स्क्रिप्ट ‘नेटकॅट’मधून जात होती. नेटकॅट रूपांतर करीत नाही. दिले ते पुढे ढकलतो. लिनक्सवर लिहिलेल्या मजकुरात नुसते एलएफ होते, तेच तारेवर गेले. पडद्यावर दोन्ही ओळी अगदी सारख्या. फरक एका अदृश्य चिन्हाचा.

२५/
ज्यांना स्वतः पडताळून पाहायचे असेल, त्यांच्यासाठी थोडक्यात. नेटकॅटच्या प्रचलित आवृत्तीला मोठ्या लिपीतील ‘सी’चा पर्याय दिला, की तो सीआर-एलएफ पाठवतो. ओपनएसएसएलच्या ‘एस-क्लायंट’ला ‘सीआरएलएफ’ हा पर्याय द्यावा लागतो. विंडोजच्या टेलनेटमध्ये ‘सेट सीआरएलएफ’ अशी आज्ञा आहे. फाइलीच्या पोटात काय दडले आहे हे पाहायला ‘ओडी’ हे जुने साधन ‘सी’ पर्यायासह चालवावे. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन चिन्हे दिसतात की एक, ते लगेच कळते. आणि हे प्रयोग स्वतःच्याच सर्व्हरवर करावेत.

२६/
आम्ही काय केले? अट बंद केली असती, तर पत्रे त्याच रात्री सुरू झाली असती. पण ग्रंथालयाच्या सभासदांच्या दारी बनावट पत्रे येण्याची वाटही मोकळी झाली असती. म्हणून अट तशीच ठेवली आणि स्क्रिप्ट सुधारली. प्रत्येक ओळीच्या शेवटी हरवलेले ते एक चिन्ह जोडले. टिंब गेले, २५० आले. मित्र हसून म्हणाला, “एवढ्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागले!”

२७/
इतिहासाच्या अभ्यासकाला यातून घेण्यासारखे एवढेच : यंत्र मोडीत निघते, पण त्याच्या सवयी नियम होऊन मागे राहतात. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये थांबली. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून टेलिप्रिंटरची खडखड त्याआधीच गेली होती. तरी आपण आज पाठवलेल्या प्रत्येक ई-पत्राच्या प्रत्येक ओळीअखेर, नसलेल्या कॅरेजला मागे यायला आणि नसलेल्या कागदाला वर सरकायला सांगितले जाते. नियम निरर्थक वाटला, तर तो मोडण्यापूर्वी तो कोणत्या गरजेतून आला आणि आता कशाचे रक्षण करतो, हे दोन्ही विचारावे.

२८/
धागा येथे संपवतो. आपल्या घरात कोणी टायपिंगची परीक्षा दिलेली असेल, तर घंटी वाजल्यावर हात आपोआप कसा दांडीकडे जाई, ते त्यांच्याकडून ऐका आणि येथे खाली अवश्य लिहा. अशा आठवणी ग्रंथांत क्वचितच सापडतात.